सुर्लकर : एका विरळ आडनावाचा माग

सुर्ल्यात राहणाऱ्या मनुष्याला सुर्लकर म्हणण्याचे काहीच प्रयोजन नसते. तेथे सारेच सुर्ल्याचे. मग त्या नावाने कोणाला हाक मारावी आणि कोणी ओ द्यावी? गावात त्याला ओळखतात ते वाड्यावरून, बापाच्या नावावरून, धंद्यावरून किंवा देवळातील मानावरून. तो नदी ओलांडून अथवा डोंगर उतरून दुसऱ्या गावी वस्तीला गेला, म्हणजे तेथील लोक विचारतात, ‘हा कोण?’ आणि कोणीतरी उत्तर देते, ‘तो सुर्ल्याचा.’ या उत्तरातून आडनाव जन्माला येते. ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव मनुष्य कोठे राहतो हे सांगत नाही; त्याच्या घराण्याने कोणते गाव सोडले हे सांगते. असे आडनाव परक्याच्या तोंडून मिळालेले असते.

इंग्लंडमध्ये आडनावांच्या भूगोलाचा अभ्यास जुना आहे. हेन्री गपी या संशोधकाने 1890 साली ब्रिटनमधील कुलनामांची मूळ ठिकाणे शोधणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने शेतकऱ्यांच्या याद्या आधाराला घेतल्या. कारण सर्व वर्गांत शेतकरी हा जागचा कमी हलतो, असे त्याला वाटले. एखादे विरळ आडनाव घ्यावे, ते कोणत्या परगण्यात दाटीने आढळते ते नकाशावर पाहावे आणि तेथे त्याचे मूळ आहे असे अनुमान करावे, ही ती रीत. आपल्याकडे गोष्ट वरवर पाहता सोपी आहे. गावाचे नाव आडनावातच कोरलेले असल्यामुळे नकाशाची गरजच काय, असे वाटते. परंतु सुर्लकर या नावाचा माग काढू लागले, की हे सोपेपण टिकत नाही.

पहिली अडचण ही, की गोव्यात सुर्ला एक नाही. डिचोली तालुक्यातील सुर्ला हे पाळी आणि वेळगे यांच्या शेजारचे गाव. त्याच्याच सुर्ला-तार या भागात जुनी मशीद आणि तळी आहे, व ती शासनाच्या संरक्षित स्मारकांत मोडते. तार म्हणजे होडीने नदी उतरण्याची जागा. नदीकाठच्या या गावाचा जाण्यायेण्याचा मार्ग त्या एका शब्दात सांगितला गेला आहे. दुसरे सुर्ला सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, चोर्ला घाटाजवळ. त्याच परिसरातून वाहणारा सुर्ला नाला म्हादईच्या पाणीवाटपाच्या तंट्यामुळे वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित झाला. त्या तंट्यासाठी 2010 साली लवाद नेमला गेला आणि 2018 साली त्याचा निवाडा झाला. तिसरे तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातील, बाराव्या-तेराव्या शतकातील काळ्या पाषाणाचे महादेवाचे मंदिर रानाच्या आडोशाला तेथे उभे राहिले. ते गाव पूर्वी सांगे तालुक्यात होते, आता धारबांदोडे तालुक्यात आहे. तीन सुर्ली, तीन निरनिराळ्या वाटा. डिचोलीच्या सुर्ल्याचा मनुष्य साखळी-डिचोलीच्या बाजारपेठांकडे वळणार, सत्तरीतला माथ्यावरून बेळगावच्या अंगाला उतरू शकणार, तांबडी सुर्ल्याचा फोंडे-सांग्याकडे जाणार. तिघांनाही नव्या ठिकाणी एकच नाव मिळणार. आणि तीन पिढ्यांनंतर त्यांची मुले एकमेकांना भाऊबंद समजू लागणार!

त्यात भर नामसादृश्याची. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ सुर्ली आहे. तेथून निघालेला सुर्लीकर होईल, आणि त्याचा गोव्याशी काडीचाही संबंध नसेल. सत्तरीतच पिसुर्ले नावाचे गाव आहे. गोव्याच्या इतिहासाचे थोर संशोधक डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (1894–1969) हे तेथले. पोर्तुगीज दप्तरखान्यातील मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे उजेडात आणण्याचे कार्य त्यांनी केले. घाईने वाचणाऱ्याला पिसुर्लेकर आणि सुर्लेकर ही एकाच झाडाची दोन फळे वाटतील. ती तशी नाहीत.

दुसरी अडचण नावाच्या रूपाची. गावाच्या नावाला ‘कर’ लागताना अंत्य स्वराचे काय व्हावे, याविषयी लोकांनी व्याकरणकारांचा सल्ला कधी घेतला नाही. वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर होतो, साताऱ्याचा सातारकर होतो आणि पर्रा गावचा पर्रीकर होतो. तिन्ही गावे आकारान्त आणि तिन्ही रूपे निराळी. त्यामुळे सुर्ल्याचा सुर्लकर, सुर्लेकर किंवा सुर्लाकर झाला तर नवल नाही. रोमन लिपीने गोंधळ आणखी वाढविला. पोर्तुगीज लेखनात ‘क’साठी इंग्रजीप्रमाणे ‘के’ हे अक्षर वापरीत नसत, ‘सी’ वापरीत. आणि गावांच्या नावांच्या शेवटी सानुनासिक उच्चार दाखविण्यासाठी ‘म’ जोडीत. मांद्रेचे ‘मांद्रेम’, केरीचे ‘केरिम’ झाले ते असे. पिसुर्लेकर हे नावसुद्धा त्या लेखनात ‘पिसुर्लेंकार’ असे दिसते. एकाच घरातील एक भाऊ पणजीस राहिला आणि दुसरा मुंबईस गेला, तर एकाचे नाव पोर्तुगीज वळणाने आणि दुसऱ्याचे इंग्रजी वळणाने नोंदले जाई. पुढे रोमन अक्षरानुक्रमाच्या यादीत नातवंडांची नावे वेगवेगळी दिसत. गोव्यात 1914 पासून नागरी नोंदणीचा अंमल सुरू झाला. कारकुनाने वहीत जे रूप उतरविले, ते बहुधा कायम झाले.

आता हे आडनाव विरळ का, हा प्रश्न. पेडणेकर मुंबईत सहज भेटतात, सुर्लकर क्वचित. सुर्ला लहान आणि पेडणे मोठे, एवढेच उत्तर पुरेसे नाही. आडनाव दुसऱ्याने द्यायचे असल्यामुळे देणाऱ्याला ते गाव ठाऊक असावे लागते. सुर्ल्याचा मनुष्य साखळीस गेला तर तेथे सुर्ला कोणते ते सर्वांना माहीत. तो सुर्लकर होईल. तोच थेट गिरगावात गेला तर तेथे सुर्ला कोणास ठाऊक? तेथे तो डिचोलकर होईल, नाहीतर सरळ गोवेकर. मोठ्या कसब्याचे नाव दूरवर गेलेल्या माणसाला लागते. लहान गावाचे नाव पहिल्या मुक्कामालाच, एका दिवसाच्या चालीच्या आत पडलेले असते, मग त्याचा धनी पुढे कोठेही जावो. मुंबईत आज एखादा सुर्लकर भेटला, तर त्याच्या पूर्वजाने सुर्ल्याहून मुंबई एकदम गाठली असे मानण्यापेक्षा वाटेत कोठेतरी, सुर्ला ओळखणाऱ्या शेजारात, एक-दोन पिढ्या काढल्या असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

याला पेडणे महालातच चांगले उदाहरण आहे. 2014 ते 2017 या काळात गोव्याचे मुख्यमंत्री असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर हे हरमलचे. पार्से हे गाव त्याच तालुक्यात, हरमलपासून थोड्या कोसांवर. एवढ्या अंतरातही नाव पडले आणि टिकले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म 1911 साली पेडण्यात झाला. पण त्यांच्या आडनावातील बांदोडे फोंडे तालुक्यात आहे.

विलायतेत गावाच्या नावाचा असा उलटाही उपयोग होई. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराने डरहॅम प्रांतातील हर्टबर्न गाव सोडून वॉशिंग्टन हे गाव घेतले आणि पूर्वीचे नाव टाकून नव्या गावाचे नाव धारण केले. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचे कुलनाम तेच. तो सरदार ज्या गावाचा मालक झाला त्याचे नाव त्याने घेतले. गोव्यातील कुळवाडी जे गाव मागे राहिले त्याचे नाव घेऊन चालला. फरक नुसता रीतीचा नाही.

‘कर’ आडनावांचा गोव्यातील नकाशा काढला तर त्यात राजकीय इतिहासही उमटलेला दिसतो. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात धर्मांतरे झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज नावे दिली गेली. फर्नांडिस, सोझा, पिंटो ही आडनावे घरोघर आली आणि गावांची नावे कुलनामांतून पुसली गेली. देवही स्थलांतरित झाले : कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्यास. डिचोली, सत्तरी, पेडणे हे प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर 1788 साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील लोकांना त्यांचा धर्म व रूढी पाळण्याची हमी मिळाली. म्हणून या पट्ट्यात मांद्रेकर, कोरगावकर, हरमलकर, मयेकर, साखळकर अशा नावांची दाटी आहे. सुर्लकर या दाटीतलेच एक लहान नाव.

परंतु या नावावरून जात वा धर्म ओळखू पाहणारा हमखास फसेल. कोकणातील बेने इस्राएल लोकांनीही हीच रीत स्वीकारली. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही यहुदी घराण्यांची नावे आहेत, आणि त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांचे मूळ अलिबागजवळच्या किहीमचे. गाव सोडणारा पुजारी असो, सुतार असो वा कुणबी, बाहेर त्याला एकच नाव मिळते.

आणि या नावाने गावावरचा हक्कही सिद्ध होत नाही. गोव्याची गावकरी संस्था फार जुनी; 1526 साली अफोन्सो मेशिया याने तिच्या चालीरीती लेखनिविष्ट केल्या आणि 1904 व 1961 साली तिच्यासाठी पोर्तुगीज संहिता झाल्या. गावची जमीन, तिच्या उत्पन्नातील वाटा, देवळातील मान हे सारे वांगडांकडे, म्हणजे मूळ वसाहतकारांच्या वंशांकडे. त्या वंशांतील माणसे गावातच राहिली. त्यांना गावकर, नाईक, प्रभू, देसाई अशी नावे पडली. सुर्ल्यावर ज्याचा हक्क, त्याला सुर्लकर म्हणण्याची वेळच आली नाही. आणि ज्याला सुर्लकर म्हटले गेले त्याच्या हाती बहुधा गावच्या मातीखेरीज नाव सांगण्याजोगे काही उरले नव्हते. कित्येक कुटुंबे आडनावाच्या आधारे मूळ गाव शोधीत देवळाच्या सभामंडपापर्यंत जातात आणि तेथे आपले नाव कोणाच्या वहीत नाही हे पाहून खिन्न होतात. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. अशा वेळी आडनावापेक्षा कुलदैवताचे नाव अधिक उपयोगी पडते. तीन सुर्ल्यांपैकी आपले कोणते, याचा निर्णय बहुधा त्यावरूनच लागतो.

मात्र रक्ताचा पुरावा नसणे, हाच या नावाचा गुण ज्यांना उपयोगी पडला असेही लोक होते. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंतिणींच्या मुलांना पित्याचे आडनाव मिळत नसे. कायद्याच्या आणि शाळेच्या वहीत बापाच्या नावाची जागा रिकामी राही, आणि त्या रिकाम्या जागेवर समाज बोट ठेवी. त्या घरांनी गावाचे नाव घेतले. गावाने कोणाला बाप विचारला नाही. केसरबाई केरकर (1892–1977) आणि मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) ही नावे अशी उभी राहिली. याच समाजातील राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मकथेला ‘मी कोण?’ असे नाव दिले. त्या प्रश्नाचे वजन ज्याने रिकामी वही पाहिली आहे त्यालाच कळेल. मंगेशीच्या पुजाऱ्याचे पुत्र दीनानाथ यांनीही गावावरून मंगेशकर हे नाव घेतले, आणि त्या लहानशा वस्तीचे नाव घरोघर पोहोचले. केरीचे तर काय सांगावे! गोव्यात केऱ्याही तीन आहेत : फोंड्यात, सत्तरीत आणि पेडण्यात. त्यांपैकी फोंड्याच्या केरीच्या या गायिकेची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत गेली आणि अवकाशात दूर निघाली.

मोगूबाईंच्या कन्या किशोरी यांचा जन्म मुंबईचा. विवाहाने त्या आमोणकर झाल्या. आमोणे हे डिचोली तालुक्यातलेच गाव. आई सांग्याच्या कुर्डीची, लेक डिचोलीच्या आमोण्याची, आणि दोघींचा संसार मुंबईत : ‘कर’ नावांचा भूगोल असा असतो.

1990 साली गोव्यात नाव व आडनाव बदलण्याविषयी स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे पूर्वी शेजाऱ्याच्या तोंडून पडणारे नाव आता अर्ज करून बदलता येते. रूप शुद्ध करून घेता येते, किंवा टाकूनही देता येते. ज्यांना नाव विरळ म्हणून अडचणीचे वाटते त्यांना तो मार्ग मोकळा आहे. विरळ नाव मात्र एकदा टाकले की ते पुन्हा पडत नाही, कारण ते पाडणारे शेजार आता उरलेले नाहीत.

नावातली गावेही बदलली. डिचोलीच्या सुर्ला-पाळी-वेळगे पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी झाल्या. टेकड्या कापल्या गेल्या, मातीचे ढीग नव्या टेकड्यांसारखे उभे राहिले आणि मांडवीतून खनिजाचे बार्ज जाऊ लागले. 2012 साली खाणी बंद पडल्या, आणि पुढे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने पट्टे रद्द केल्यावर त्या पुन्हा थांबल्या. कुर्डी तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. तेथील कुटुंबांना दुसरीकडे वसविण्यात आले. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरते, घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे मंदिर उघडे पडते, आणि पूर्वीचे रहिवासी तेथे उत्सवाला जमतात. पावसाबरोबर ते सारे पुन्हा बुडते. तोवर ते लोक आपापल्या नव्या गावी परतलेले असतात.