झरणीची अडलेली नळी

फाउंटन पेनाला मराठीने ‘झरणी’ असे सुबक नाव दिले. पण लोकांच्या तोंडी पेन हाच शब्द राहिला. झरणे हा या वस्तूचा धर्म. जुन्या बाजारातून घेतलेले पेन मात्र पुष्कळदा झरत नाही आणि उघडतही नाही. निबेकडचा भाग व शाईची नळी यांची अशी गाठ बसलेली असते की, घेणाऱ्याला पक्कड आठवते. पक्कड लागताच नळी तडकते, आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेली वस्तू एका क्षणात संपते. ती का अडली, याचा इतिहास ठाऊक असता, तर ती वाचली असती.

हा इतिहास सांगण्यास हैदराबादेतील बेगम बाजारासारखे स्थळ नाही. दुसरा निजाम अली खान (१७६२ ते १८०३) याच्या हमदा बेगम या पत्नीने मुसी नदीच्या उत्तरेकडील ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून बाजाराला बेगमेचे नाव पडले. गोसावी व मारवाडी सावकारांच्या पेढ्यांनी तो नावारूपास आला. तांब्यापितळेची भांडी, मसाले, सुका मेवा यांच्या घाऊक व्यापाराने आजही तो गजबजलेला असतो. जवळच, १५७८ साली बांधलेल्या पुराण्या पुलाच्या बाजूस, दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. तेथे जुन्या वस्तूंना दुसरा धनी मिळतो.

जुन्या पेनाचे मोल या शहरातील मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा, व पुढे हैदराबाद राज्याचा, भाग होता. मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ साली. तोवर नांदेड-परभणीच्या मुलाची पदवीची वाट १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडेच जाई. त्या विद्यापीठाचे माध्यम १९४८ पर्यंत उर्दू. घरी डावीकडून उजवीकडे मराठी आणि परीक्षेत उजवीकडून डावीकडे उर्दू, असे दोन्ही दिशांचे लेखन एकाच पेनाने करावयाचे! ज्याला नवे परवडत नसे, त्याला जुन्याचाच आधार होता. आणि ते पेन मोडले, तर दुसरे कोठून आणावे, हा प्रश्न लहान नव्हता.

आता गाठीचे कारण पाहू. जुनी बहुतेक पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने रबर व गंधक तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे एकस्व १८४४ साली घेतले. गंधकाचे प्रमाण पुष्कळ वाढविले की, तेच रबर शिंगासारखे कठीण होते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन याला १८८४ साली आपल्या पेनाचे एकस्व मिळाले, तेव्हा शाईच्या आंबटपणाला न जुमानणारा हा पदार्थ पेनासाठी तयारच होता. आपल्याकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३० नंतरच्या दशकात स्वदेशी एबोनाइट पेने घडविली आणि १९३५ साली गांधीजींची शाबासकी मिळविली. नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरीच पुढे त्या राजमहेंद्रीला पोहोचते.

या पेनांत शाई थेट नळीत भरत. हिराकस व मायफळ यांपासून केलेली शाई आट्यांत झिरपून सुकली की, तिचा कठीण थर बसतो. ही पहिली गाठ. दुसरी गाठ लाखेची. रबरी पिशवीच्या पेनांत पिशवी बसविण्यासाठी, आणि पुष्कळदा सांधा पक्का करण्यासाठी, कारागीर लाख लावीत. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांचे देणे. हिंदुस्थानातून ती जगभर गेली. चारमिनाराजवळच्या लाड बाजारात बांगड्यांचे कारागीर हीच लाख निखाऱ्यावर मऊ करून वळवितात. उबेने सुटते, गारव्याने धरते, हा तिचा स्वभाव. पेन घडविणाऱ्याने लाख निवडली, याचा अर्थच असा की, पेन पुन्हा उघडले जावे, ही त्याची इच्छा होती.

म्हणून उपाय दोन. शाईची गाठ असेल, तर निबेकडचा भाग साध्या थंड पाण्यात सांध्यापर्यंत काही तास बुडवावा. पाणी निळे झाले की बदलावे. गरम पाणी व फार वेळ भिजविणे टाळावे, कारण त्याने काळे एबोनाइट तपकिरी पडते. लाखेची गाठ असेल, तर कोरडी ऊब हवी. केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम वारा, पेन सतत फिरवीत, बोटांना सोसवेल इतकाच द्यावा. ज्योत मुळीच नको. १९२० नंतरच्या दशकात आलेली रंगीत पेने पुष्कळदा सेल्युलॉइडची असतात, आणि सेल्युलॉइड भडकन पेटते. अंगठ्याने घासून वास घ्यावा: गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड.

मग सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे दोन्ही हातांत धरून, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग उलट, असे हलके हलके फिरवावे. न सुटल्यास पुन्हा ऊब, पुन्हा पाणी. तरीही न सुटल्यास उद्या. एके दिवशी बारीकसा ‘कट्’ असा आवाज होतो आणि आटे फिरू लागतात.

आतील शाईचा खडा पाण्यात विरघळू लागतो, तेव्हा तिचा जुना रंग पुन्हा दिसतो. कोणाच्या अर्जाची, कोणाच्या परीक्षेची, कोणाच्या घरच्या पत्राची ही शाई, हे ते पाणी सांगत नाही. ते ओतून द्यावे, नळी धुऊन पुसावी, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात लावावा आणि नवी शाई भरावी. पुढच्या धन्याला ते पेन उघडण्यासाठी एवढे कष्ट पडू नयेत.