दारावरचा त्रिकोण

आज आपण एका छोट्या स्टिकरपासून सुरुवात करू. हिरवं वर्तुळ, आत गुलाबी त्रिकोण. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण लावत. माणूस वेगळा काढण्याची ती खूण. १९७०च्या दशकात चळवळीने तीच खूण अभिमानाने उचलली. १९९२ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठात ‘सेफ ऑन कॅम्पस’ हा उपक्रम सुरू झाला. पुढे अनेक विद्यापीठांत अशी प्रशिक्षणं आली. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाच्या दारावर ही खूण लागे. अर्थ एवढाच, की इथे मोकळेपणाने बोला, बोलणं बाहेर जाणार नाही.

याची गरज काय, असं कुणी विचारील. त्यासाठी अलीगढला जाऊ. डॉ. रामचंद्र सिरस तिथे मराठी शिकवत, कविता लिहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन घुसले. लगेच विद्यापीठाने निलंबित केलं कुणाला? सिरसांनाच! आता बघा, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २००९ला आलेला होता. प्रौढांचे संमतीचे खाजगी संबंध गुन्हा नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

म्हणजे कायदा बाजूने असूनही माणूस एकटा पडू शकतो. कायदा कोर्टात भेटतो. शेजारी रोज जिन्यात भेटतो. प्रशिक्षण असतं ते या शेजाऱ्यासाठी. २०११मध्ये आयआयटी मुंबईत ‘साथी’ हा गट सुरू झाला. नाव किती नेमकं आहे!

प्रशिक्षणात शिकवतात त्या गोष्टी साध्याच. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते तिसऱ्याला सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. उपाय सुचवायचे नाहीत. माणूस स्वतःला जे नाव सांगेल, त्याच नावाने हाक मारायची. आपल्या मराठीत ‘तू आलास’, ‘तू आलीस’ म्हणताना लिंग ठरवावं लागतं. ‘तुम्ही आलात’ म्हटलं, की ते ठरवावं लागत नाही, शिवाय आदरही राहतो.

दोन तासांच्या शिबिराने कुणी साथी होत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, न्याय्य कृती करत करतच माणूस न्यायी होतो. शिबिर म्हणजे त्याची नुसती सुरुवात.

आम्ही वर्षानुवर्षं नीतिशास्त्र शिकवलं. वर्गात एखाद्या मुलाच्या चालण्याची नक्कल व्हायची, पोरं हसायची, आणि आम्ही फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहायचो. तो मुलगा आमच्याकडे कधी काही सांगायला आला नाही. का यावं त्याने? आमच्या दारावर खूण नव्हती हे खरं. पण आमच्या गप्प बसण्याची खूण त्याला स्पष्ट दिसत होती.