हौशी मंडळींची घराणी

हौस आली की वाद आलाच. गाण्याच्या शौकिनांत घराण्यांवरून जे होते, तेच संगणकाच्या हौशी मंडळींत गेली पन्नास वर्षे चालू आहे. प्रोसेसर कोणता चांगला? त्यावर कारभार कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमचा असावा? ऐकणाऱ्याला हे रिकामटेकड्यांचे भांडण वाटते. पण त्यातून काय निष्पन्न झाले, ते जरा पाहू या.

आधी घराणे म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच समजतात. या आज्ञांची ठेवण हे त्याचे घराणे. एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्राची कारभारीण. कळफलक, पडदा, चकती यांची व्यवस्था तिच्याकडे.

जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत 'आल्टेअर ८८००' हा संगणक सुट्या भागांच्या रूपाने ३९७ डॉलरला जाहीर झाला. डाख देऊन जोडायचा तो घेणाऱ्यानेच! त्यात इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर होता. ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजात 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली बैठक भरली. त्याच वर्षी सप्टेंबरात मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विकायला काढला. क्लबातले स्टीव्ह वॉझनियाक यांनी स्वस्त म्हणून तो घेतला आणि त्यावर पहिला ॲपल संगणक बांधला. १९७६ मध्ये झिलॉगचा झेड-८० आला. ८०८० चे प्रोग्राम तो चालवी. झालं, दोन तट पडले!

झेड-८० वाले म्हणत, आमचे सेकंदाला चाळीस लाख ठोके, तुमचे दहा लाख. ६५०२ वाले म्हणत, अहो, एका आज्ञेला तुम्हाला ठोके लागतात किती ते सांगा! आणि त्यात तथ्य होते. नुसती लय पाहून चालत नाही, एका आवर्तनात मात्रा किती हेही पाहावे लागते.

कारभारिणीचेही तसेच. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम रचली. पुढे त्यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला, म्हणून ती निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागली. मात्र ती ८०८० आणि झेड-८० यांचीच. तेव्हा १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये बसवायचे झेड-८० चे कार्ड काढले, आणि दोन्ही घराणी एकाच पेटीत नांदू लागली.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, आणि बाजार हळूहळू इंटेल व डॉस यांच्याकडे वळला. मग वाद संपला? छे! इंग्लंडात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांचा हात ६५०२ वर बसलेला होता. थोड्या, सोप्या आज्ञा आणि चपळ काम हे तत्त्व धरून त्यांनी नवे घराणे काढले. त्याचे नाव 'आर्म'. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली.

इकडे हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ वर 'लिनक्स' लिहायला घेतले, तेही हौस म्हणून. जानेवारी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी आक्षेप घेतला : रचना जुनाट आहे, शिवाय ती एकाच प्रोसेसरला जखडलेली. आक्षेपाचा दुसरा भाग तेव्हा खरा होता. पण मजकूर सर्वांना खुला, बदलायची मुभा. त्यामुळे ज्याच्याजवळ वेगळे यंत्र होते त्याने लिनक्स त्यावर नेले. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला, त्यात प्रोसेसर आर्मचा आणि गाभा लिनक्सचा. आपल्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर बहुधा हीच जोडी त्यात आहे.

आता गंमत अशी, की पुष्कळ फोनांत मालकाला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालूच देत नाहीत. वाद घालणाऱ्यांना पेटीचे झाकण उघडता येत होते, आतला भाग बदलून पाहता येत होता. त्यांचा वाद फळाला आला तो त्यामुळे. तेव्हा घरातले मूल एखादे जुने यंत्र खोलून बसले आणि त्यात काही भलतेच चालवू पाहू लागले, तर चटकन रागावू नका. त्याला हाती पेचकस द्या.