‘सूचना नाहीत’ची पर्सिस

दिवाणी कोर्टात दाव्याचा पुकारा होतो आणि वकीलसाहेब अर्धे पान पुढे करतात: पक्षकाराकडून सूचना नाहीत, सबब वकीलपत्र मागे घेत आहे. हीच ती ‘नो इन्स्ट्रक्शन’ पर्सिस. कागदावर निशाणीचा आकडा पडतो, रोजनाम्यात एक ओळ चढते. पक्षकार त्या वेळी बहुधा गावी, शेतात नाहीतर कामावर असतो. त्याला न कळवता वकिलाला असे मोकळे होता येते का, या प्रश्नाभोवतीच या कागदाचा इतिहास फिरतो.

त्यातला सर्वांत अवघड प्रसंग लंडनचा, १८४० सालचा. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला त्यांच्याच स्विस नोकरावर, कुर्व्हाझिएवर चालू होता. ऐन सुनावणीत चोरीची चांदीची भांडी एका हॉटेलवालीकडे सापडली. आरोपीने आपले बॅरिस्टर चार्ल्स फिलिप्स यांच्यापाशी गुन्हा कबूल केला. बचाव मात्र चालूच ठेवा म्हणाला. फिलिप्स हादरले, काम सोडायला निघाले. सहकारी बॅरिस्टरांनी थोपवले. मग बॅरन पार्क या न्यायाधीशांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, आरोपीची इच्छा असेल तर बचाव केलाच पाहिजे. कुर्व्हाझिए फासावर गेला आणि फिलिप्स यांच्यावर पुढे कित्येक वर्षे टीका होत राहिली. मला पार्क यांचेच पटते. खटल्याच्या मधोमध वकील उठून गेला, तर ज्यूरीला वेगळे काही सांगावे लागत नाही.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ ला १९२६ च्या दुरुस्तीने आजचे रूप आले. पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या सहीने वकीलपत्र संपवता येते, पण लेखी आणि कोर्टाच्या परवानगीनेच. १९७५ च्या बार कौन्सिलच्या नियमांनी आणखी बांधून घेतले: पुरेसे कारण हवे, पक्षकाराला वाजवी नोटीस हवी, आणि न केलेल्या कामाची फी परत द्यायला हवी.

नियम झाले तरी पर्सिस येतच राहिल्या. मल्कियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग या प्रकरणात वकिलाने सूचना नसल्याचे सांगितले, पक्षकाराला कोर्टाची नोटीस गेलीच नाही आणि दावा एकतर्फी निकाली निघाला. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूमनामा टिकू दिला नाही. यात पक्षकाराचा दोष काय, हाच त्यांचा सवाल होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दिवाणी नियमपुस्तिकेत तर पद्धतच घालून दिली आहे: सुनावणीच्या किमान सात दिवस आधी लेखी नोटीस, आणि अर्जासोबत पक्षकाराची पोच. सात दिवस मला कमीच वाटतात. नवा वकील गाठायचा, फीचे पैसे उभे करायचे, कागद समजावून सांगायचे. आडगावच्या माणसाला आठवड्यात हे जमत नाही.

शिवाय कागद हातात असावे लागतात. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ९७,१०० रुपयांच्या थकलेल्या बिलापोटी तिच्या फाइली अडवून ठेवल्या होत्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फीसाठी वकिलाला फाइल अडवता येत नाही. पैसे हवे असतील तर त्यांच्या वसुलीसाठी कायद्याचा दुसरा मार्ग धरावा.