दगडातला जिवंतपणा

मुसलमान असून पुतळ्यांचे कौतुक कसले, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर साधे आहे. इबादत वेगळी, कारागिरीला दिलेली दाद वेगळी.

इटलीच्या मायकेलअँजेलोने 1498-99 मध्ये, पंचविशीच्या आतच, संगमरवरात ‘पिएता’ घडवली. मरियमच्या मांडीवर ईसांचा निष्प्राण देह आहे. ईसांना सुळावर चढवल्याची कथा आपण मानत नाही. तरीही छायाचित्रातसुद्धा आईच्या वस्त्राच्या चुण्या खऱ्या वाटतात. तिने मुलाच्या बगलेखाली हात घातला आहे, तिथले मांस दबलेले दिसते. दगड दबतो कसा?

एक कारण खुद्द दगडात आहे. कॅराराचा संगमरवर बारीक कणांचा असतो. उजेड त्यात किंचित आत शिरून परत येतो. माणसाच्या कातडीचेही तसेच असते. आपल्या बुलढाण्याचा काळा पाषाण मात्र उजेड गिळतो. म्हणून लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरची शिल्पे खोल कोरलेल्या सावल्यांतून उठून दिसतात.

पण सगळे श्रेय दगडाला देता येत नाही. मायकेलअँजेलोने तरुणपणी फ्लॉरेन्सच्या सांतो स्पिरितो मठाच्या रुग्णालयात मृतदेहांचा अभ्यास केला होता. कातडीखाली काय असते, हे त्याला ठाऊक होते.

याचा पुरावा मला आपल्या महाराष्ट्रातच सापडतो. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात युरोपातल्या पुतळ्यांचे साचे समोर ठेवून विद्यार्थी शिकत. तिथल्या गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने 1896 च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. नऊवारी नेसलेली, पूजेला निघालेली एक तरुणी. हे शिल्प संगमरवरातले नव्हते, साध्या प्लास्टरचे होते. तरी लुगड्याच्या निऱ्या अशा पडल्या आहेत की आतले पाऊल पुढे पडतेय असे वाटते. रवींद्रनाथ टागोरांनी या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला.

म्हात्र्यांनी तंत्र युरोपाचे घेतले, पण बाई आपल्या गल्लीतली घडवली. रोज दिसणाऱ्या नऊवारीकडे त्यांनी नीट पाहिले होते. आपण आपल्या आई-आजीच्या लुगड्याकडे इतके निरखून कधी पाहिले आहे का?

लोणारला सरोवर पाहायला सगळेच जातात. मुलांना घेऊन जाल तेव्हा दैत्यसूदनाच्या भिंतींपाशीही थांबा. उन्हे कलली की त्या सावल्या सर्वांत स्पष्ट दिसतात.