भारहीनतेचें सोंग

अंतराळांत पुरुषाचें प्रजननसामर्थ्य टिकतें काय, हें पृथ्वीवर ताडून पाहावें कसें? १९७० नंतर नासाच्या एम्स केंद्रांत एमिली मोरी-होल्टन या विदुषींनीं उंदराचा मागचा भाग वर उचलून पाय अधांतरीं ठेवण्याची युक्ति बसविली. (मुक्या जीवाची संमति कोण विचारतो!) अशा उंदरांचे वृषण खंगले, टेस्टोस्टेरोन हें संप्रेरकहि घटलें. पण दोष भारहीनतेचा कीं टांगण्याचा? उंदराच्या वृषणांची वर जाण्याची वाट जन्मभर उघडी असते. टांगतांच ते पोटांत सरकत व तेथील उष्णतेनें शुक्रजनन बिघडे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती वाट बांधतांच शुक्रजनन शाबूत राहिलें. संप्रेरक मात्र उणेंच! १९८९ सालीं सोव्हिएत संघाच्या कॉसमॉस २०४४ यानांतून चौदा दिवस प्रत्यक्ष अंतराळांत राहिलेल्या उंदरांतहि तें असेंच उणें आढळलें होतें.