खेचरांची वाट

मेरीलँडला लेकीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नातू म्हणाला, "आजोबा, आज गाड्या नसलेल्या रस्त्यावर जाऊ." तो खडीच्या वाटेवर सायकलवर, मी मागून पायी. एका अंगाला पोटोमॅक नदी, दुसऱ्या अंगाला कोरडा पडलेला कालवा, त्यात झाडं उगवलेली. ना हॉर्न, ना धूर.

हा चेसापीक-ओहायो कालवा. ४ जुलै १८२८ ला त्याचं काम सुरू झालं आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचंही! रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. डोंगरातल्या एकट्या पॉ पॉ बोगद्याने चौदा वर्षं खाल्ली. काठावरून चालत खेचरं कोळशाचे पडाव ओढत, तीच ही सायकलवाट. १९२४ च्या पुरानंतर पडाव थांबले ते कायमचे.

पुढे इथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. एका वर्तमानपत्राने त्याची बाजू घेतली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा. मार्च १९५४ मध्ये सगळे निघाले. अंतर सुमारे २९७ किलोमीटर! शेवटपर्यंत टिकले नऊच जण. पण रस्ता टळला. १९७१ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

आमच्या गावची नदीकाठची पायवाट डांबराखाली गेली, तेव्हा मी वर्गात इतिहासच शिकवत होतो. मुलांना घेऊन त्या वाटेने एकदा तरी चालायला हवं होतं.

असो. नातू बराच पुढे गेला होता.